शिक्षा ठरवताना आधीचे गुन्हे किती धरावेत?

जुना रोजनामा

एखाद्या गंभीर खटल्यात आरोपी दोषी ठरला की बातमीच्या शेवटी ‘त्याच्यावर यापूर्वीही अनेक गुन्हे दाखल आहेत’ असे एक वाक्य हमखास येते, आणि त्या एका वाक्यावर वाचकांचा निवाडा होऊनही जातो. सत्र न्यायालयाच्या कार्यालयात माझी सारी नोकरी झाली. आरोपपत्रासोबत येणारा पूर्वेतिहासाचा तक्ता मी पुष्कळदा हाताळला आहे: पोलीस ठाण्याचे नाव, गुन्हा रजिस्टर क्रमांक, कलमे, आणि अगदी उजवीकडच्या रकान्यात ‘न्यायप्रविष्ट’, ‘निर्दोष’ किंवा ‘शिक्षा’ यांपैकी एखादा शब्द. बातमीत तक्त्यातील गुन्ह्यांची संख्या येते, हा उजवीकडचा रकाना येत नाही. शिक्षा किती व्हावी या प्रश्नात कायद्याचे सगळे वजन मात्र त्याच रकान्यावर आहे, म्हणून हा धागा.

महाराष्ट्रातलाच खटला घेऊ. अमरावती जिल्ह्यात २००७ साली तीन वर्षांच्या एका बालिकेवर अत्याचार करून तिचा जीव घेण्यात आला. सत्र न्यायालयाने २००८ साली आरोपीला फाशीची शिक्षा सुनावली, २००९ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती कायम केली आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपीलही फेटाळले. इथे प्रकरण संपल्यासारखेच होते. परंतु फाशीच्या प्रकरणांतील पुनर्विलोकन अर्ज, म्हणजे न्यायालयाने स्वतःचाच निकाल पुन्हा तपासावा यासाठीचे अर्ज, किमान तीन न्यायाधीशांपुढे आणि खुल्या न्यायालयात ऐकले जावेत असा निर्णय घटनापीठाने २०१४ साली मोहम्मद आरिफ प्रकरणात दिला, आणि त्यामुळे हे प्रकरण पुन्हा उघडले गेले. न्या. मदन लोकूर, न्या. अब्दुल नझीर आणि न्या. दीपक गुप्ता यांच्या पीठाने १२ डिसेंबर २०१८ रोजी ‘राजेंद्र प्रल्हादराव वासनिक विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने ओळखला जाणारा निकाल दिला. दोषसिद्धीला, म्हणजे तो दोषी असल्याच्या निर्णयाला, न्यायालयाने हात लावला नाही. फाशीची शिक्षा मात्र जन्मठेपेत बदलली आणि हयात असेपर्यंत त्याची सुटका करू नये असे स्पष्ट केले.

या निकालात तीन गोष्टींचा विचार झाला. आरोपी सुधारू शकतो का, समाजात परतू शकतो का, याची तपासणी खालच्या न्यायालयांनी केलीच नव्हती. डीएनए तपासणीसाठी नमुने घेतले असूनही तो पुरावा न्यायालयापुढे आणला गेला नव्हता. तिसरा मुद्दा या धाग्याचा आहे. शिक्षा ठरवताना सत्र न्यायालयाने आरोपीविरुद्ध त्याच स्वरूपाचे आणखी दोन खटले प्रलंबित असल्याची गोष्ट विचारात घेतली होती. सर्वोच्च न्यायालयाचे म्हणणे असे की, एखादा माणूस आधी दोषी ठरून शिक्षा झाल्यावर पुन्हा गुन्हा करतो, तेव्हा तो इतिहास विचारात घ्यायला कायद्याची काही अडचण नाही. परंतु पहिला खटला चालू असतानाच दुसऱ्या खटल्याचा निकाल लागला, तर पहिल्या खटल्याची केवळ प्रलंबितता शिक्षा वाढवायला आधार होऊ शकत नाही. त्याहीपुढे जाऊन, आधीचा गुन्हेगारी इतिहास सिद्ध झालेला असला तरी एवढ्या एका कारणावरून फाशी देता येत नाही, असेही न्यायालयाने म्हटले.

ही भूमिका एकाच निकालापुरती नाही. २०१४ सालच्या बिरजू विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात एका लहान बालकाच्या खुनाबद्दल दोषी ठरलेल्या माणसावर चोवीस गुन्ह्यांची नोंद होती आणि त्यांत तीन खुनाचे होते. तरीही, ज्या खटल्यांत तो दोषी ठरलेला नाही ते शिक्षा वाढवण्यासाठी मोजता येणार नाहीत, असे न्यायालयाने ठरवले. तिथेही फाशी रद्द झाली.

मला हे तत्त्व मनापासून पटते, आणि त्याचे कारण कार्यालयातल्या कपाटांशी निगडित आहे. खटला प्रलंबित राहतो तो कोणामुळे? साक्षीदाराला समन्स पोहोचत नाही, रासायनिक विश्लेषण अहवाल येत नाही, तपासी अधिकाऱ्याची बदली झालेली असते, न्यायाधीशांची जागा रिक्त असते. क्वचित आरोपीही टाळाटाळ करतो, पण बऱ्याच वेळा काम शासनाचे राहिलेले असते. आपलेच अपुरे राहिलेले काम शासनाने आरोपीच्या खात्यावर नावे टाकावे, हे न्यायाला धरून नाही. शिवाय पुढे त्या खटल्यातून तो निर्दोष सुटला, तर त्याच्या जोरावर वाढवलेली शिक्षा परत घेण्याची सोय नाही. आणि ती शिक्षा फाशीची असेल तर परत घेण्यासारखे काही उरतही नाही.

सिद्ध झालेला पूर्वेतिहास न्यायालयासमोर कसा यावा याचीही कायद्याने काटेकोर व्यवस्था केली आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम ७५ प्रमाणे नाणी-मुद्रांकांसंबंधी किंवा मालमत्तेसंबंधी ठराविक गुन्ह्यांत आधी दोषी ठरलेला माणूस पुन्हा तशाच गुन्ह्यात सापडला, तर शिक्षा दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेपेपर्यंत वाढू शकत असे. साध्या चोरीला तीन वर्षांची कमाल मर्यादा असताना हा फरक किती मोठा आहे, हे लक्षात घ्यावे. परंतु त्यासाठी आधीच्या दोषसिद्धीची तारीख आणि ठिकाण दोषारोपातच लिहावे लागते, आणि चालू गुन्ह्यात आरोपी दोषी ठरेपर्यंत तो भाग वाचून दाखवायचा नाही, त्याला त्याविषयी विचारायचेही नाही, असे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम २३६ सांगत असे. आधी या गुन्ह्याचा निर्णय, मग मागची पाने, असा तो क्रम आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितांतही (भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) ही रचना कायम आहे.

या सगळ्याची कसोटी लागते ती शिक्षेच्या मुद्द्यावरील सुनावणीत. न्यायाधीश निकालाचा कार्यकारी भाग वाचतात, आरोपी दोषी असल्याचे सांगतात आणि विचारतात, ‘शिक्षेबद्दल काही सांगायचे आहे का?’ कठड्यात उभा असलेला माणूस त्या क्षणी बहुधा सुन्न असतो. ‘आई-वडील म्हातारे आहेत, कमावता मी एकटा आहे, दया करावी,’ एवढेच शब्द निघतात आणि तेवढेच नोंदले जातात. सरकारी वकिलांच्या हाती मात्र तो तक्ता तयार असतो. एका बाजूला तीन-चार ओळी आणि दुसऱ्या बाजूला छापील कागद, असा हा विषम सामना मी अनेकदा पाहिला. मे २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने फाशीच्या प्रकरणांत आरोपीचे वय, कौटुंबिक पार्श्वभूमी, शिक्षण, मानसिक स्थिती ही माहिती शासनानेच वेळीच न्यायालयापुढे ठेवावी, असे निर्देश दिले. पूर्वेतिहास सांगताना त्यातील दोषसिद्धी झाली की नाही आणि शिक्षा भोगली की नाही, हेही सांगावे लागेल असे त्यात आहे. म्हणजे उजवीकडचा रकाना आता अधिकृतपणे आवश्यक झाला आहे.

वाटसरू

लेख अभ्यासपूर्ण आहे, पण मला एक गोष्ट खटकते. आमच्या गावाकडे एका माणसावर मारहाण, खंडणी आणि खुनाचा प्रयत्न असे गुन्हे एकामागून एक नोंदले गेले आणि प्रत्येक वेळी साक्षीदार फितूर झाले. कोणीही त्याच्याविरुद्ध उभे राहायला धजावत नसे. अशा माणसाचा उजवीकडचा रकाना कोराच राहणार, कारण तो कोरा ठेवण्याची ताकद त्याच्याकडे आहे. मग अखेर एखाद्या प्रकरणात तो सापडतो, तेव्हा न्यायालयाने त्याला प्रथमच गुन्हा करणाऱ्याच्या रांगेत उभे करायचे का? ज्यांनी त्याच्यामुळे गाव सोडले, त्यांना हे तत्त्व कसे समजावून सांगणार? आरोपीच्या हक्कांची चर्चा करताना या लोकांचा विसर पडू नये, एवढीच विनंती.

जुना रोजनामा

@वाटसरू, आपला आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळून या विषयावर बोलताच येणार नाही. ‘प्रत्येक खटल्यात दोषसिद्धी शक्य होतेच असे नाही, म्हणून दोषसिद्धी नसली तरी आरोपींचा गुन्हेगारी इतिहास विचारात घ्यावा,’ असा युक्तिवाद महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात खालच्या न्यायालयाने स्वीकारला होता. मोहम्मद फारूक अब्दुल गफूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली तो चुकीचा ठरवला. कारण एकदा ही वाट उघडली की पोलिसांचा संशय हाच पुरावा होतो, आणि ज्या माणसाला खरोखरच खोट्या प्रकरणांत गुंतवले गेले आहे, त्याच्यापाशी बचावाचे कोणतेही साधन उरत नाही.

साक्षीदार फितूर होतात यावर उपाय साक्षीदारांना वाचवण्याचा आहे. महाराष्ट्राने साक्षीदारांच्या संरक्षणासाठी २०१७ साली स्वतंत्र कायदा केला आणि डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी साक्षीदार संरक्षण योजना मंजूर केली. या तरतुदी गावपातळीवर किती पोहोचतात, साध्या शेतमजूर साक्षीदाराला त्या माहीत तरी असतात का, हा प्रश्न विचारलाच पाहिजे आणि तो तालुक्याच्या ठिकाणी, पोलीस अधीक्षक कार्यालयात विचारला पाहिजे. गाव सोडून गेलेल्या माणसाला न्याय मिळायचा तर त्याच्याबाबत घडलेल्या गुन्ह्याचा खटला चालून सिद्ध व्हावा लागेल. दुसऱ्याच कोणाच्या खटल्यात शिक्षा वाढली, तर त्याच्या प्रकरणाची धूळ तशीच राहते.

वऱ्हाडी वकील

धागाकर्त्यांनी शिक्षेपुरता मुद्दा अचूक मांडला आहे. त्याला एक जोड द्यावीशी वाटते, कारण वाचकांचा समज असा व्हायचा की नुसत्या दाखल गुन्ह्यांना कायद्यात कुठेच किंमत नाही. तसे नाही.

जामिनाच्या वेळी न्यायालय आरोपीवरील इतर प्रकरणे पाहतेच, कारण तिथे प्रश्न पुढच्या धोक्याचा असतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, पूर्वी कधीही दोषी न ठरलेला कच्चा कैदी, गुन्हा मृत्युदंडाचा किंवा जन्मठेपेचा नसेल तर, कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ तुरुंगात काढल्यावर बंधपत्रावर सुटू शकतो. पण त्याच कलमात, एकाहून अधिक गुन्ह्यांचा तपास किंवा खटले प्रलंबित असल्यास त्याला या सवलतीखाली सोडू नये अशीही तरतूद आहे. तडीपारीचे आदेश महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५६ खाली दोषसिद्धीशिवाय निघतात.

१९९९ चा महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, म्हणजे आपला मोक्का, तर याहून पुढे जातो. मागील दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रे दाखल झालेली असणे आणि न्यायालयाने त्यांची दखल घेतलेली असणे, ही त्यातील ‘सततच्या बेकायदेशीर कृत्या’च्या व्याख्येचीच अट आहे. तिथे दोषसिद्धी लागत नाही. वाटसरू यांनी वर्णन केलेल्या माणसासाठी विधिमंडळाने हीच वाट काढली होती. माझे मत असे की प्रतिबंधासाठी संशयाला थोडी जागा द्यावी लागते, पण त्या जागेचाही गैरवापर होतो आणि मोक्का लावण्याची मंजुरी देताना जुनी, निकालात निघालेली प्रकरणे जोडलेली मी पाहिली आहेत. शिक्षेच्या टप्प्यावर मात्र संशयाला अजिबात थारा नसावा.

इंद्रायणी

धागा वाचताना शक्ती मिल प्रकरण सतत डोळ्यांपुढे येत होते. तिथे आरोपींना ‘पुन्हा पुन्हा गुन्हा करणारे’ म्हणून फाशी झाली होती ना? मग त्यांची आधीची दोषसिद्धी कोणती होती, हे मला कधीच नीट कळले नाही. कृपया पीडितांचा कोणताही तपशील न देता समजावून सांगाल का?

जुना रोजनामा

@इंद्रायणीताई, तुम्ही या विषयातील सर्वांत अवघड प्रकरण काढले आहे.

मुंबईत महालक्ष्मी परिसरातील बंद पडलेल्या शक्ती मिलच्या आवारात २०१३ साली दोन सामूहिक अत्याचार झाले, पहिला ३१ जुलैला आणि दुसरा २२ ऑगस्टला. दुसऱ्या घटनेची बातमी झाली, त्यानंतर पहिल्या घटनेतील पीडिता धीर करून पुढे आली. त्याच वर्षी, दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर झालेल्या दुरुस्तीने दंड संहितेत कलम ३७६ ई आले होते. बलात्काराच्या गुन्ह्यात आधी दोषी ठरलेला माणूस पुन्हा तशाच गुन्ह्यात दोषी ठरला, तर त्याला उर्वरित आयुष्यभर कारावास किंवा फाशी, असे ते कलम सांगत असे.

दोन्ही खटले एकाच सत्र न्यायाधीशांपुढे चालले. २० मार्च २०१४ रोजी दोन्ही प्रकरणांत आरोपी दोषी ठरले. दुसऱ्या दिवशी पहिल्या प्रकरणात जन्मठेप सुनावली गेली. त्यानंतर २४ मार्चला, दोन्ही प्रकरणांत समान असलेल्या तिघांवर दुसऱ्या प्रकरणात कलम ३७६ ई चा वाढीव दोषारोप ठेवला गेला आणि ४ एप्रिलला त्यांना फाशी सुनावण्यात आली. म्हणजे तुम्ही विचारता ती ‘आधीची दोषसिद्धी’ याच मालिकेतील पहिल्या प्रकरणाची होती, आणि दोन्ही गुन्हे घडले तेव्हा ती अस्तित्वातच नव्हती.

या कलमाच्या वैधतेला दिलेले आव्हान मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१९ मध्ये फेटाळले. फाशीच्या पुष्टीचा प्रश्न मात्र नंतर न्या. साधना जाधव आणि न्या. पृथ्वीराज चव्हाण यांच्यापुढे आला आणि २५ नोव्हेंबर २०२१ रोजी तिघांची फाशी रद्द होऊन त्यांना नैसर्गिक आयुष्याच्या अखेरपर्यंत जन्मठेप झाली. अभिवचन रजा आणि संचित रजा, म्हणजे पॅरोल आणि फर्लो, त्यांना मिळणार नाही असेही न्यायालयाने सांगितले.

माझे मत स्पष्टपणे मांडतो. त्या तिघांनी दोन स्त्रियांवर तीन आठवड्यांच्या अंतराने केलेले कृत्य इतके अमानुष होते की जन्मभर तुरुंगाबाहेर न येण्याची शिक्षा मला योग्यच वाटते. परंतु वाढीव शिक्षेच्या तरतुदीमागचा विचार असा असतो की माणसाला एकदा न्यायालयाने दोषी ठरवून इशारा दिला आणि तो डावलून त्याने पुन्हा तेच केले. त्या तिघांना असा इशारा कधी मिळालाच नव्हता. चार दिवसांपूर्वीच्या दोषसिद्धीला ‘पूर्वीची’ मानून फाशीपर्यंत जाणे कलमाच्या शब्दांत कदाचित बसेल, त्याच्या हेतूत मला ते बसताना दिसत नाही. दोन्ही गुन्हे सिद्ध झालेले होते. तेव्हा दुसऱ्या गुन्ह्याची शिक्षा ठरवताना पहिल्याचे वजन धरण्याला कोणाचीच हरकत नव्हती. हरकत होती ती त्या वजनाने फाशीच्या वेगळ्या कलमाचे दार उघडण्याला. हेच कलम आता न्याय संहितेत ७१ क्रमांकाने आले आहे, त्यामुळे हा प्रश्न पुढेही येत राहणार आहे.

स्वाती ठाणे

खूप माहितीपूर्ण चर्चा. दोन शंका आहेत. आधीच्या दोषसिद्धीविरुद्ध अपील प्रलंबित असेल तर ती ‘सिद्ध’ धरायची का? आणि दोन खटल्यांतील शिक्षा एकत्र भोगायच्या की एकामागून एक?

वऱ्हाडी वकील

@स्वातीताई, अपील दाखल केल्याने दोषसिद्धी पुसली जात नाही. अपिलात अनेकदा शिक्षेला स्थगिती मिळते आणि माणूस जामिनावर बाहेर येतो, पण खुद्द दोषसिद्धीला स्थगिती मिळणे वेगळे आणि फार दुर्मीळ. तोवर ती दोषसिद्धी उभी असते. तरीही अशा दोषसिद्धीवर वाढीव शिक्षा मागताना अपिलाची स्थिती न्यायालयाला सांगणे हे सरकारी वकिलांचे कर्तव्य आहे, असे मी मानतो.

दुसऱ्या शंकेचे उत्तर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४२७ मध्ये आहे. आधीची शिक्षा भोगत असलेल्या माणसाला नव्या खटल्यात मुदतीची शिक्षा झाली, तर ती पहिली संपल्यावर सुरू होते. दोन्ही एकत्र भोगायच्या असतील तर न्यायालयाने तसे स्पष्ट लिहावे लागते. निकालपत्रात ती एक ओळ राहून गेल्यामुळे कैदी काही वर्षे जास्त आत राहिल्याची उदाहरणे आहेत, म्हणून निकाल लागल्या दिवशीच वकिलाने ती ओळ तपासावी. आधीची जन्मठेप असेल तर मात्र पुढची शिक्षा तिच्यासोबतच चालते.

एक बाब सुटली आहे, ती आधीची दोषसिद्धी सिद्ध कशी करायची ही. त्याच जुन्या संहितेच्या कलम २९८ प्रमाणे आधीच्या निकालाचा प्रमाणित उतारा, कारागृह अधिकाऱ्याचा दाखला किंवा ज्या वॉरंटाखाली शिक्षा भोगली ते वॉरंट आणावे लागते, आणि त्याबरोबर कठड्यातला माणूस तोच आहे याचा पुरावाही द्यावा लागतो. आमच्याकडच्या एका चोरीच्या खटल्यात नाव, वडिलांचे नाव आणि गाव तिन्ही जुळत होते, पण कारागृहाच्या दाखल्यावरील ओळखखूण, डाव्या भुवईवरचा व्रण, आरोपीच्या चेहऱ्यावर नव्हता. तो त्याचा चुलतभाऊ निघाला. वाढीव शिक्षेची मागणी तिथेच मागे घेण्यात आली.